निचऱ्याचं पाणी: चोपडा तालुक्यातल्या दहा गुंठे काकडीचं प्रकरण

"पानी ते रोज दी राहिनूत भाचा, तरी बी येल दुपारले मान टाकी देस. तू येई जाय."

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आप्पांचा हा फोन आला. आप्पा माझ्या आईचे मामेभाऊ. चोपडा तालुक्यात तापीकाठी त्यांची केळी आहे आणि केळीच्या कडेला दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस. शेतीचं रोजचं काम आता त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, बघतो. पॉलिहाऊसमधला तोडा, बांधणी आणि मजुरांचा हिशोब वहिनींकडे असतो, पण खताच्या बाबतीत शेवटचा शब्द अजून आप्पांचाच. मी पॉलिहाऊसवाल्यांना पाणी-खताचा सल्ला देण्याचं काम करतो. हे प्रकरण त्यांच्या परवानगीने सविस्तर लिहितोय, कारण हीच चूक मी गेल्या दोन उन्हाळ्यांत आणखी तीन ठिकाणी पाहिली आणि तिन्ही ठिकाणी दोष वाणावर नाहीतर कोकोपीटवर (मातीऐवजी वापरतात त्या नारळाच्या काथ्याच्या भुशावर) टाकून लोक मोकळे झाले.

मातीतून पिशवीत

आधीची दोन वर्षं आप्पांनी याच पॉलिहाऊसमध्ये मातीच्या गादीवाफ्यांवर बिनबियांची काकडी घेतली होती. पहिल्या वर्षी माल छान निघाला. दुसऱ्या वर्षी वेल गुडघ्याएवढे होऊन थांबले. उपटून पाहिलं तर मुळांवर हळदीच्या बोटकांसारख्या गाठी. सूत्रकृमी, मुळांत शिरणारे बारीक किडे. पॉलिहाऊसच्या बंद, ओलसर आणि उबदार मातीत काकडीवर काकडी घेतली की हे होतंच. तिथे पिकाची फेरपालट करायला कोणी तयार नसतं, कारण कर्जाचा हप्ता काकडीच्या हिशोबाने बसवलेला असतो.

म्हणून माती सोडायचं ठरलं. कोकोपीटच्या मीटरभर लांबीच्या ८०० पिशव्या आल्या, प्रत्येक पिशवीत तीन झाडं, म्हणजे २,४०० वेल. पाण्याने फुगल्यावर एका पिशवीत साधारण २१ लिटर कोकोपीट होतं, त्यामुळे एका झाडाच्या वाट्याला ७ लिटर. रोपं प्रो-ट्रेमध्ये तयार करून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लावली. ठिबक जुनंच ठेवलं, फक्त प्रत्येक झाडाला ताशी दोन लिटरचा ड्रिपर बसवला. खतं व्हेंचुरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीतून. खताचं प्रमाण कुठूनतरी मिळालेल्या छापील कागदावरून घेतलेलं.

महिनाभर सगळं उत्तम चाललं. वेल सुतळीवरून सरसर चढले, खालच्या पाच पेरांवरची फळं आणि बगलफूट वहिनींनी वेळच्या वेळी काढली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला तोडा झाला. फळभार वाढला, ऊन वाढलं आणि आठ दिवसांत वेल दुपारी माना टाकायला लागले.

दुपारी दोन वाजता

मी मुद्दाम दुपारी पोचलो. सकाळी गेलो असतो तर वेल ताठ दिसले असते. बाहेर ३९ अंश, आत ४१. वरचं शेडनेट अर्धंच ओढलेलं. शेंड्याची पानं वाटीसारखी आत वळलेली, मधल्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, वरच्या कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. फळं देठाकडे जाड आणि टोकाला बारीक होऊन आकड्यासारखी वळलेली. असा माल व्यापारी वेगळ्या क्रेटमध्ये टाकतो आणि त्याचा भाव निम्म्याहून खाली येतो.

तोवर आप्पांनी तीन उपाय करून झाले होते. मान टाकतात म्हणून पाण्याचा वेळ वाढवला. पानं पिवळी म्हणून एका दुकानदाराच्या सांगण्यावरून खताचा डोस वाढवला. आणखी कोणी सांगितलं मर रोग आहे, म्हणून मुळाशी बुरशीनाशकाची आळवणी केली. तिन्ही उपाय वेलाकडे बघून केलेले होते. पिशवीखालून गळणाऱ्या पाण्याकडे कोणी बघितलं नव्हतं. ते बघायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं, म्हणून यात मी आप्पांना दोष देत नाही.

मी चार पिशव्यांखाली वहिनींच्या स्वयंपाकघरातली ताटं सरकवली, चार ड्रिपर काढून बाटल्यांत सोडले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आत किती गेलं नि बाहेर किती आलं ते मोजलं. ड्रिपरमधून येणाऱ्या पाण्याचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) २.४ आणि पीएच ६.१, म्हणजे कागदावर अगदी बरोबर. निचऱ्याचं पाणी मात्र ईसी ४.६, पीएच ७.४. आणि प्रमाण? दिलेल्या शंभर भागांतले जेमतेम सात भाग बाहेर येत होते.

प्रकरणाचा गाभा या तीन आकड्यांत आहे. काकडीचं मूळ २.० ते २.५ ईसीच्या पाण्यात सुखाने असतं. वरून २.४ देताय, पण मूळ ज्या पाण्यात बसलंय ते ४.६ कडे सरकलंय. ऊन तापलं की वेल पाणी भराभर ओढतो, क्षार मात्र तेवढ्या वेगाने घेत नाही. मागे राहिलेले क्षार पिशवीत साठत जातात. पुरेसा निचरा झाला तर ते वाहून जातात, नाहीतर रोज थोडे थोडे वर चढतात. खारं पाणी मुळाला ओढता येत नाही, म्हणून ओल्या पिशवीत बसून वेल तहानलेला. त्यावर खत वाढवलं की तहान आणखी वाढते.

पिशवी फाडून मुळं पाहिली. वरची पांढरी होती. तळाची तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढलं की बाहेरची साल सुटून आतला दोरा हातात. पिथियम या बुरशीसारख्या जीवाची मूळकूज. ती नैर्ऋत्येच्या बाजूच्या, उन्हाच्या ओळींत जास्त होती. तिथल्या पिशवीत थर्मामीटर खुपसला तर ३६ अंश. लॅटरलमधून, म्हणजे ठिबकच्या नळीतून, निघणारं पहिलं पाणी हाताला चटका देत होतं, ४३ अंश. आप्पांच्या पिशव्या काळ्या प्लास्टिकच्या होत्या, कारण त्या स्वस्त पडल्या होत्या.

केळीची सवय

इतका कमी निचरा का होत होता? मामेभाऊ पाणी कमी देत नव्हता. दिवसाला झाडामागे अडीच लिटरच्या वर देत होता. पण ते दोन वेळा देत होता: सकाळी ४० मिनिटं, संध्याकाळी ४० मिनिटं.

हीच केळीची सवय. काळ्या जमिनीत ठिबक दोन तास चालवा आणि दिवसभर विसरा, काही बिघडत नाही. ती माती पाणी धरते, क्षार धरते, आम्लता सांभाळते, उष्णता खोलवर जाऊ देत नाही. पिशवीतल्या सात लिटर कोकोपीटमध्ये पाणी साडेतीन-चार लिटर मावतं, आणि त्यातलं मुळाला सहज ओढता येणारं निम्म्याच्या आसपास. मार्चअखेर फळावर आलेला वेल दिवसाला अडीच लिटर पितो. म्हणजे सकाळी भरलेली पिशवी दुपारी एक-दोनच्या सुमारास सहज मिळणाऱ्या पाण्याच्या तळाला येते आणि त्याच वेळी क्षार सगळ्यात तीव्र असतात. संध्याकाळचं पाणी आलं की कोरडी पिशवी ते पिऊन टाकते, धुऊन काही निघत नाही. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माटी चुका पोटमा घाली लेस. हाई पिशवी लेत नही." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

पण निव्वळ सवयीला बोल लावला तर अन्याय होईल. आप्पांच्या शेतीच्या फिडरला थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी मोटर चालतच नाही. मातीतल्या पिकाला हे चालून जातं. कोकोपीटमधल्या काकडीला दर अर्ध्या तासाला घोटभर पाणी लागतं आणि ते नेमकं अकरा ते चार या वेळात. माती सोडण्याआधी सल्लागार पिशव्यांचा भाव सांगतात, पॉलिहाऊसच्या अनुदानाचे कागद सांगतात. दुपारची वीज कुठून आणणार हा प्रश्न विचारत नाहीत. खानदेशात हा प्रश्न पहिला विचारायला हवा.

आणखी दोन गोष्टी सापडल्या. पिशव्यांना निचऱ्याच्या चिरा जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर वर मारलेल्या होत्या, त्यामुळे तळाशी कायमचं डबकं. कूज तिथेच सुरू झाली होती. आणि खत एकाच ड्रममध्ये कालवत होते. कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट, ०-५२-३४ (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे) सगळं एकत्र. घट्ट द्रावणात कॅल्शियमची सल्फेट आणि फॉस्फेटशी गाठ पडली की पांढरा गाळ बसतो. मामेभाऊ तो चुन्यासारखा गाळ दर आठवड्याला फेकून देत होता. त्याला वाटायचं खतातली भेसळ आहे. फेकलं जात होतं ते विकत आणलेलं कॅल्शियम आणि स्फुरद. त्याच गाळाने काही ड्रिपर अर्धे बुजले होते. पाच मिनिटांत १६५ मिली यायला हवं तिथे काही ठिकाणी ६० मिलीच येत होतं.

काय केलं, आणि माझं काय चुकलं

तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, पाण्याच्या फेऱ्या वाढवा, पिशव्या धुऊन काढा. साधं बोअरचं पाणी न देता ईसी १.२ चं पातळ खतपाणी, तेही सकाळी सहा ते दहा, आणि निम्मं पाणी बाहेर येईपर्यंत. साध्या पाण्याने एकदम धुतलं तर मुळाभोवतीची तीव्रता झटक्यात उतरते, मूळ पाणी जोरात ओढतं आणि फळं तडकतात, म्हणून पातळ खतपाणी.

पण चिरा खाली नेण्याआधी मी पाणी वाढवायला सांगितलं, ही माझी चूक. उताराकडच्या ओळींत पिशव्या तुडुंब भरल्या, मुळांना हवा मिळेना, आणि दोन दिवसांत जवळपास ६० वेल कायमचे बसले. ते वाचू शकले असते. पाचव्या दिवशी आम्ही सगळे मिळून आठशे पिशव्यांच्या चिरा तळापर्यंत नेल्या. दोन झाडांच्या मधोमध, ड्रिपरच्या थेट खाली नाही, म्हणजे पाणी सरळ खाली न पळता पिशवीभर फिरून बाहेर पडेल. ज्या पिशव्या तिरप्या होत्या त्यांच्याखाली फरशीचे तुकडे सारून उतार चिरेकडे केला.

त्यानंतर निचऱ्याचा ईसी चार दिवसांत ३.१ वर आणि नऊ दिवसांत २.७ वर उतरला. दुपारी माना टाकणं सातव्या दिवसापासून कमी झालं. कूज झालेले वेल मुळासकट काढून पिशवीत बांधून बाहेर नेले. बाकीच्यांना ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी दिली. रासायनिक आळवणी पुन्हा करू दिली नाही, कारण काकडीचा तोडा एक दिवसाआड असतो, औषधाच्या लेबलवरचा प्रतीक्षाकाळ पाळायचा तर माल फेकावा लागतो, आणि न पाळता बाजारात न्यायचा हे मला मान्य नाही.

फेऱ्यांचा हिशोब असा बसवला: वेलाची गरज अडीच लिटर, त्यावर निचऱ्याचा चौथा हिस्सा धरून झाडाला दिवसाला ३.३ लिटर द्यायचे. एका फेरीत १५० मिली, म्हणजे त्या ड्रिपरने साडेचार मिनिटं. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत २२ फेऱ्या. पहिली फेरी सूर्य वर आल्यावर, शेवटची मावळतीच्या आधी, म्हणजे रात्री पिशवी तुडुंब राहत नाही. हे माणसाने कॉक फिरवून होत नाही, म्हणून टायमर बसवला. विजेसाठी सौर पॅनेलवर चालणारा एक अश्वशक्तीचा पंप घेतला. ऊन जेवढं कडक तेवढा पंप जोरात, आणि वेलाची तहानही तेव्हाच जास्त. हा खर्च आप्पांना सगळ्यात जड गेला, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचा तोच होता.

पाण्याचा अहवाल

मग बोअरचं पाणी प्रयोगशाळेत दिलं. हे लागवडीआधी व्हायला हवं होतं. अहवालात ईसी ०.९, कॅल्शियम लिटरला ६० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ४८, सोडियम ६०, आणि बायकार्बोनेट ४२७. प्यायला हे पाणी चालतं, केळीला चालतं. पिशवीतल्या पिकासाठी यातला शेवटचा आकडा डोक्यात ठेवावा लागतो.

बायकार्बोनेटचे ६१ मिलिग्रॅम म्हणजे एक मिलीइक्विव्हॅलंट, आम्ल किती लागेल ते काढायचं एकक. म्हणजे इथे सात. हे बायकार्बोनेट मुळाशी पीएच वर ढकलत राहतं. निचऱ्याचा पीएच ७.४ त्यामुळेच, आणि वरच्या पानांचा पिवळेपणाही त्यामुळेच. खतात लोह होतं, पण ईडीटीए या लोह धरून ठेवणाऱ्या रसायनाशी बांधलेलं. पीएच साडेसहाच्या वर गेला की ईडीटीए लोह सोडून देतं आणि वेलाला मिळत नाही. आम्ही ते बदलून ईडीडीएचए स्वरूपातलं घेतलं, ते चढ्या पीएचलाही लोह धरून ठेवतं. पण लोह बदलणं ही मलमपट्टी, खरा इलाज आम्ल.

सातपैकी एक ठेवून सहा मारायचे, तर हजार लिटर पाण्याला ६० टक्क्यांचं नायट्रिक आम्ल साधारण ४६० मिली लागतं. आम्ल पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि घरातल्या पोरांना त्या खोलीत प्रवेश नाही. पीएच मीटर बघत बघत ५.८ पर्यंत यायचं. फॉस्फोरिक आम्लानेच सगळं भागवायचं म्हटलं तर स्फुरद गरजेच्या चौपट होतं, म्हणून ते नको.

आता यातली मेख. एवढ्या नायट्रिक आम्लातूनच लिटरमागे ८४ मिलिग्रॅम नत्र मिळतं. काकडीला लागतं १९०. म्हणजे जवळजवळ निम्मं नत्र आम्लातूनच आलं, तेवढं खतातून वजा करायला हवं. मॅग्नेशियम पाण्यात मुळातच ४८ आहे, वेलाला तेवढं पुरतं. आप्पा छापील कागदाप्रमाणे वरून पोतीच्या पोती मॅग्नेशियम सल्फेट घालत होते. तो कागद बहुधा शुद्ध पाण्यासाठी लिहिलेला होता. इथल्या बोअरसाठी आमचा हिशोब हजार लिटरला असा आला: कॅल्शियम नायट्रेट ५२५ ग्रॅम, १३-०-४५ (पोटॅश नायट्रेट) १९० ग्रॅम, ०-५२-३४ २०० ग्रॅम, ०-०-५० (पोटॅश सल्फेट) २९५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट शून्य, शिवाय लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. ईसी येतो २.१ च्या आसपास. एप्रिलच्या उन्हात खतं पाचव्या हिश्शाने कमी करून तो १.८५ वर आणला. तापत्या हवेत वेल अन्नापेक्षा पाणी जास्त मागतो, म्हणून पातळ द्यायचं. शेजारच्यांना हे पटत नव्हतं. पीक भरात असताना खत कमी करतो म्हणजे काय, असं सगळे म्हणत होते.

हे प्रमाण याच बोअरचं आहे. दुसऱ्याने ते उचलून वापरू नये; आपल्या पाण्याचा अहवाल घेऊन हीच वजाबाकी करावी.

ड्रम दोन केले. एकात कॅल्शियम नायट्रेट आणि लोह, दुसऱ्यात सल्फेट आणि फॉस्फेटवाली खतं. पोटॅश नायट्रेट कुठेही चालतं. गाळ बसणं त्याच दिवशी थांबलं.

कोकोपीटबद्दलही एक गोष्ट इथेच सांगतो. नारळाच्या काथ्यात मुळातच सोडियम आणि पोटॅश असतं. धुतल्याने सुटं मीठ जातं, पण काथ्याला चिकटलेलं जात नाही. ते सोडवायला कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात पिशवी दिवसभर भिजवून मग निचरावी लागते, नाहीतर पहिले काही आठवडे काथ्या वेलाच्या तोंडचं कॅल्शियम पळवतो आणि बदल्यात सोडियम देतो. आप्पांनी एकदाच बोअरच्या पाण्याने धुतलं होतं.

ऊन

क्षार आटोक्यात आले तरी ३६ अंशाची पिशवी तशीच होती. २० अंशाच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशाला सातच्या आसपास. त्याच वेळी तापलेल्या मुळाची श्वासाची गरज वाढलेली असते, आणि पिथियमला ३० ते ३५ अंश अगदी मानवतात. काळ्या पिशव्यांना चुना लावला. घराच्या भिंतीला लावतो तोच, थोडा डिंक घालून. लॅटरल जमिनीवरून उचलून पिशव्यांच्या सावलीच्या कडेला घेतल्या. पाण्याची काळी टाकी पत्र्यावर होती, ती निंबाखाली आणून भोवती गोणपाट बांधलं आणि ते ओलं ठेवलं. फेऱ्या दर अर्ध्या तासाने असल्याने नळीत पाणी तापायला वेळच मिळेना. पिशवी दुपारी ३० अंशांपर्यंत उतरली. शेडनेट दहापासून चारपर्यंत पूर्ण. फॉगर थोडा थोडा, कारण खानदेशातली एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की तिथे फॉगर खरोखर गारवा करतात. मात्र चारनंतर बंद, पानं रात्री ओली राहिली तर केवडा रोग येतो.

तरीही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यानंतर फळधारणा गळाली. बाहेर ४३ च्या पुढे गेलं की या साध्या, वरून हवा खेळणाऱ्या पॉलिहाऊसमध्ये काकडी टिकत नाही, हे आता मी ठामपणे सांगतो. त्या दिवसांत लाल कोळीही पसरतो. मेमध्ये काकडी काढून दाखवायचा हट्ट पाणी आणि पैसा दोन्ही खातो.

केळीच्या बांधावरचे वेल

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती वेगळ्याच जागी. काढलेले वेल आणि छाटलेली पानं मजूर केळीच्या बांधावर टाकत होते. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, तिथे वाळून खत होतं.

जळगाव जिल्ह्यात केळीला जो हरण्या येतो तो कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग. १९१६ मध्ये अमेरिकेत तो काकडीवरच पहिल्यांदा ओळखला गेला, नाव त्यावरूनच पडलं. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि त्यासाठी त्याला पानात सोंड खुपसून क्षणभर चाखणं पुरतं. म्हणून केळीत काकडी, भोपळा, मिरचीसारखी पिकं घेऊ नका असं शास्त्रज्ञ सांगतात. जून-जुलैत मृगबागेची ऊतिसंवर्धित रोपं लागतात, ती कोवळी असताना सगळ्यात आधी बळी पडतात. उन्हाळी काकडीचे वेल त्याच्या आधीच बांधावर येऊन पडलेले असतात. वेल वाळायला लागले की त्यांच्यावरचा मावा उडून जवळचं हिरवं शोधतो.

आप्पांच्या काकडीत मोझॅकची लक्षणं मला दिसली नाहीत. पण त्या दिवशीच बांधावरचा ढीग खड्ड्यात घालून वर माती ओढली. पॉलिहाऊसच्या बाजूच्या फाटलेल्या जाळ्या शिवल्या, पिवळे चिकट सापळे लावले. दहा गुंठे काकडीसाठी एकरांनी पसरलेली केळी पणाला लावणं परवडणारं नाही.

निचऱ्याचं पाणी मात्र केळीला दिलं. रोज जवळपास दोन हजार लिटर बाहेर येतं आणि त्यातलं नत्र साधारण पाऊण किलो युरियाएवढं भरतं. शेताच्या एका कोपऱ्यातल्या केळीचं वरखत त्या प्रमाणात कमी केलं. सोडियम साचू नये म्हणून एकाच ओळीला रोज न देता दर आठवड्याला जागा बदलतो.

हिशोब आणि पुढचं

एप्रिलच्या शेवटी पीक काढलं. सुमारे २०० वेल गेले, उरलेल्यांचा माल पाच टनांच्या आसपास निघाला. वेल निरोगी राहिले असते तर झाडामागे साडेतीन किलो धरून आठ टनांवर गेला असता. सौरपंप आणि टायमर धरता त्या हंगामात पैसे राहिले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितोय. बिनमातीच्या शेतीच्या गोष्टी पहिल्या तोड्याच्या फोटोवर संपतात, आणि ते फोटो बघून कर्ज काढणारा माणूस नंतर एकटा पडतो.

वर्षाची आखणी बदलली. जूनअखेर एक लागवड, ऑक्टोबरच्या मध्यावर दुसरी, आणि जानेवारीत तिसरी, तीही अशी की एप्रिलच्या मध्यापर्यंत आटोपेल. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा काकडी मंदावते, म्हणून दुसऱ्या लागवडीचा जमेल तेवढा माल त्या थंडीच्या आधी निघावा असं बघायचं. मे पूर्ण रिकामा: पॉलिहाऊस धुवायचं, पिशव्या कॅल्शियम नायट्रेटने पुन्हा भिजवायच्या, कुजलेल्या ओळींतलं कोकोपीट काढून पॉलिहाऊसपासून लांब मातीत मिसळायचं.

वहिनींनी एक वही केलीय. रोज दुपारी दोन वाजता ठरलेल्या चार पिशव्यांखालचं पाणी मोजायचं: किती, ईसी, पीएच. निचरा वीस टक्क्यांच्या खाली आला की एक फेरी वाढवायची, तिसाच्या वर गेला की एक कमी. निचऱ्याचा ईसी दिलेल्यापेक्षा एकाहून जास्त चढला की मला फोन. एप्रिलभर असा फोन दोनदाच आला, आणि दोन्ही वेळा वेलावर काही दिसायच्या आधी.

सोडियमचा प्रश्न उरला होता. आम्ल बायकार्बोनेट मारतं, सोडियमला हात लावत नाही. वेल ते फारसं घेतही नाही, म्हणून पिशवीत साठतं आणि धुवायला जास्त पाणी लागतं. यावर उपाय आप्पांच्या डोक्यावरच होता. हजार चौरस मीटरचं छत आणि आपल्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे गळती-उडती वजा जाता सहा लाख लिटर. बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळलं तर बायकार्बोनेट आणि सोडियम दोन्ही निम्म्यावर येतात, आम्लही निम्म्याहून कमी लागतं. मे महिन्यात पन्हाळी दुरुस्त केल्या, अस्तर घातलेलं शेततळं घेतलं आणि वर बाष्पीभवनासाठी शेडनेट ताणलं.

पहिला पाऊस जूनमध्ये आला. त्याचं पाणी छतावरची धूळ घेऊन उतरलं म्हणून बाहेर सोडलं. दुसऱ्या पावसाचं तळ्यात घेतलं. सकाळी आप्पांनी स्वतः मीटर बुडवला. ०.०५. त्यांनी मीटर झटकला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा बुडवला. आकडा तोच होता.